अंडे शेतावरचे की सुपरमार्केटमधले?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत अंड्यांविषयीची पत्रे बरीच होती. ती एकत्र वाचली तेव्हा लक्षात आले की शेतावरून थेट आणलेले अंडे सुपरमार्केटमधल्या अंड्यापेक्षा खरोखर चांगले असते का, हाच बहुतेकांचा मूळ प्रश्न आहे. प्रत्येकाने तो वेगळ्या बाजूने विचारला असल्यामुळे उत्तरेही एका मापाची नाहीत. काही लांबली आहेत, तर काही चार ओळींत आटोपली आहेत.

प्रश्न: आमच्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाकडून आम्ही गेले सहा महिने अंडी आणतो. ही अंडी आणि दुकानातली अंडी यांतला फरक केवळ आपल्या मनात असतो, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. मला मात्र शेतावरचे अंडे तव्यावर फोडले की ते घट्ट आणि उंच बसलेले दिसते, दुकानातले चहूकडे पसरते. हा माझा भ्रम आहे का? नसेल, तर असे कशामुळे होते? (एक वाचिका)

उत्तर: आपल्याला दिसतो तो फरक खरा आहे. मात्र त्याचे श्रेय शेताला द्यायचे की दिवसांना, हे आधी ठरवले पाहिजे.

कोंबडी अंडे घालते त्या क्षणी ते तिच्या शरीराइतके, म्हणजे सुमारे ४१ अंश सेल्सिअस इतके ऊबदार असते. ते निवू लागले की आतला ऐवज किंचित आकसतो आणि बोथट टोकाकडे, कवचाला आतून चिकटलेल्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये, हवेची एक लहानशी पोकळी तयार होते. अंड्याचे वय मोजणारे घड्याळ तेथून सुरू होते. कवच आपल्याला अभेद्य वाटले तरी त्याला डोळ्यांना न दिसणारी सुमारे ७,००० ते १७,००० सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड वायू सतत बाहेर जात राहतात. वाफ गेल्यामुळे हवेची पोकळी वाढते. कार्बन डायऑक्साइड गेल्यामुळे पांढऱ्या भागाचा सामू (पदार्थ किती आम्ल वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा) ताज्या अंड्यात ७.६ च्या आसपास असतो तो काही दिवसांत ९ च्या वर जातो, आणि या बदलाबरोबर ओव्होम्युसिन नावाच्या ज्या प्रथिनाच्या जाळीमुळे पांढरा भाग जेलीसारखा घट्ट राहतो ती जाळी सैल पडू लागते. पिवळ्या बलकाभोवतीचे पातळ आवरणही याच काळात कमकुवत होते, बलक आजूबाजूचे पाणी शोषून घेतो आणि चपटा होतो.

हे सारे घरी बसून पाहता येते. दोन सपाट पांढऱ्या बशा घेऊन एकीत आदल्या दिवशीचे आणि दुसरीत तीन आठवडे ठेवलेले अंडे अलगद फोडावे, आणि वरून न पाहता डोळे बशीच्या पातळीला आणून बाजूने पाहावे. ताज्या अंड्यात पिवळा बलक अर्ध्या चेंडूसारखा उभा असतो. त्याच्याभोवती दाट, किंचित दुधट रंगाचा कठडा असतो आणि त्या कठड्याच्या बाहेर पातळ द्रवाची अगदी अरुंद कड असते. बलकाच्या दोन बाजूंना पिळलेल्या दोऱ्यासारख्या पांढऱ्या गाठी स्पष्ट दिसतात. पुष्कळ जण त्या किळस येऊन काढून टाकतात; वास्तविक बलकाला अंड्याच्या मध्यावर धरून ठेवण्यासाठी असलेल्या त्या नैसर्गिक दोऱ्या आहेत. दुसऱ्या बशीत कठडा जवळजवळ नाहीसा झालेला असतो, पांढरा भाग नितळ पाण्यासारखा बशीच्या काठाकडे धावतो आणि बलक वाटीसारखा न दिसता नाण्यासारखा दिसतो. अंडी तपासणारे तज्ज्ञही मूलतः हेच मोजतात. रेमंड हॉ यांनी १९३७ साली दाट पांढऱ्या भागाची उंची आणि अंड्याचे वजन यांची सांगड घालून एक परिमाण सुचवले. ते ‘हॉ एकक’ या नावाने ओळखले जाते आणि आजही वापरात आहे. अमेरिकी प्रतवारीत ७२ किंवा त्याहून अधिक हॉ एकके असलेले अंडे सर्वोच्च प्रतीचे धरतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेतावरचे अंडे आपल्या तव्यापर्यंत एक-दोन दिवसांत पोहोचते. दुकानातले अंडे गोळा करणे, प्रतवारी, खोके भरणे, वाहतूक आणि मांडणी अशा वाटेने येते, त्यामुळे ते हाती पडते तेव्हा काही दिवसांचे, कधी काही आठवड्यांचे असते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अंड्यावरची ‘या तारखेपूर्वी वापरावे’ ही मुदत अंडे घातल्यापासून जास्तीत जास्त २८ दिवसांची असते. अमेरिकेत कृषी विभागाच्या प्रतवारीची मोहोर असलेल्या खोक्यावर ते कोणत्या दिवशी भरले, तो दिवस वर्षाचा कितवा हे सांगणारा ००१ ते ३६५ यांमधला तीन अंकी आकडा असतो, आणि विक्रीची मुदत छापली असल्यास ती भरल्यापासून ३० दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. ज्यांच्या खोक्यावर असा आकडा असतो त्यांनी तो वाचण्याची सवय लावून घ्यावी. पुठ्ठ्यावर छापलेल्या हिरव्या कुरणाच्या चित्रापेक्षा तो अधिक माहिती देतो.

परंतु वयाइतकेच तापमानही निर्णायक असते. उबदार खोलीत अंडे एका दिवसात जितके म्हातारे होते, तितके व्हायला शीतकपाटात जवळपास आठवडा लागतो. हे मी स्वतःच्या निष्काळजीपणातून शिकलो. एका शेतावरून कौतुकाने आणलेली दोन डझन अंडी मी शोभेच्या टोपलीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि पुरवून पुरवून वापरली. तिसऱ्या आठवड्यात आमलेटासाठी फोडलेले अंडे इतके पाणचट निघाले की शीतकपाटातले दुकानी अंडे त्याच्यापुढे तरुण वाटावे. म्हणून आपल्या यजमानांना असे सांगावे की तव्यावर दिसणारा फरक आपल्या मनात नाही, तो अंड्यातच आहे. आणि स्वतःसाठी हे लक्षात ठेवावे की दुकानातले अंडे चार दिवसांचे आणि सतत थंडीत राहिलेले असेल, तर तेही असेच उंच बसेल.

प्रश्न: पाण्यात बुडणारे अंडे चांगले आणि तरंगणारे वाईट, ही परीक्षा कितपत विश्वासार्ह आहे? (एक वाचक)

उत्तर: वय सांगण्यापुरती ती विश्वासार्ह आहे. ताजे अंडे पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तळाशी आडवे पडते. हवेची पोकळी वाढत गेली की बोथट टोक वर उचलले जाते, मग अंडे तळाशी उभे राहते आणि फार जुने झाले की तरंगते. मात्र त्या अंड्यात रोगजंतू आहेत की नाहीत, याबद्दल पाण्याची वाटी काहीच सांगत नाही. तळाशी निमूट पडलेल्या अंड्यातही साल्मोनेला असू शकतो, आणि तरंगणारे अंडे केवळ वाळलेले असू शकते. तरंगणारे अंडे वेगळ्या वाटीत फोडावे, नाक जवळ न्यावे आणि मग निर्णय करावा. सडलेल्या अंड्याच्या वासाबद्दल कोणाचे मतभेद होत नाहीत.

प्रश्न: शेतावरच्या अंड्याचा बलक गडद केशरी असतो, म्हणजे त्यात जीवनसत्त्वे अधिक असतात, असे सर्रास सांगितले जाते. आहारतज्ज्ञ असलेली माझी भाची म्हणते की अंडे हे अंडेच असते. कोणाचे खरे मानावे? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर: दोघांचेही अर्धे अर्धे खरे मानावे, आणि रंगाचा पुरावा मात्र दोघांनीही फेटाळावा.

बलकाचा रंग कोंबडीच्या खाद्यातून येतो. पिवळा मका, हिरवा पाला, गवत यांत ल्युटीन आणि झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्ये असतात, ती चरबीत विरघळतात आणि बलकात साठतात. गव्हावर किंवा पांढऱ्या ज्वारीवर पोसलेल्या कोंबडीचा बलक फिका राहतो, मग ती दिवसभर उन्हात हिंडत का असेना. उलट, चार भिंतींच्या आत राहणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क किंवा लाल मिरचीचा अर्क मिसळला की बलक हवा तितका केशरी करता येतो. अंडी उद्योगात यासाठी रंगपट्ट्यांचा एक पंखाच मिळतो. बलकाशेजारी पट्टी धरायची, क्रमांक पाहायचा आणि गिऱ्हाइकाला आवडेल त्या क्रमांकापर्यंत खाद्य जुळवायचे, अशी ती रीत आहे. त्यामुळे गडद बलकावरून एवढेच सिद्ध होते की कोंबडीने रंगद्रव्ये खाल्ली होती. ती कुरणातून खाल्ली की पोत्यातून, हे बलक सांगत नाही.

पोषणाच्या बाबतीत अंड्याचे घटक दोन गटांत पडतात, आणि हा भेद कळला की बराचसा वाद मिटतो. कवच वगळता ५० ग्रॅमच्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम चरबी आणि १८५ मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असते. हे आकडे कोंबडी कोठे राहते यावर फारसे बदलत नाहीत, कारण त्या प्रथिनांतून पिल्लू घडायचे असते आणि कोंबडीचे शरीर त्यात तडजोड करत नाही. खाद्य निकृष्ट असेल तर ती कमी अंडी घालते. इथपर्यंत आपल्या भाचीचे बरोबर आहे.

चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे आणि चरबीचे प्रकार मात्र खाद्यानुसार आणि उन्हानुसार निश्चित बदलतात. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुरणात चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या अंड्यांपेक्षा ई जीवनसत्त्व सुमारे दुप्पट आणि ओमेगा-३ मेदाम्ले दुपटीहून अधिक आढळली. जर्मनीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात वावरणाऱ्या कोंबड्यांच्या बलकात ड जीवनसत्त्व घरात कोंडलेल्या कोंबड्यांच्या तुलनेत तीन ते चार पट होते. कोंबडीची त्वचाही आपल्यासारखीच उन्हात ड जीवनसत्त्व तयार करते, त्यामुळे यात आश्चर्य नाही. पण हाच परिणाम खाद्यातूनही साधता येतो. जवस घातलेल्या खाद्यावरच्या कोंबड्या वर्षभर छपराखाली राहूनही ओमेगा-३ ने समृद्ध अंडी देतात, आणि ज्यांना शेतावर असूनही केवळ धान्याचा चुरा मिळतो, उघड्या मातीच्या अंगणात ज्यांना गवताची काडी दिसत नाही, त्यांच्या अंड्यांकडून फार अपेक्षा करू नये. शेतमालकाला विचारायचेच असेल, तर ‘कोंबड्या मोकळ्या असतात का?’ एवढ्यावर थांबू नये. त्या काय खातात, आणि त्यांच्या पायांखाली हिरवे काही उरले आहे का, हेही विचारावे.

चवीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक आगाऊ सूचना करतो. घरातल्या चार जणांचे डोळे बांधून त्यांना दोन्ही प्रकारची, सारख्याच वेळ उकडलेली अंडी खायला द्यावीत. एरवी खात्रीने बोलणारी माणसे अशा वेळी चाचपडू लागतात, कारण चवीचा मोठा भाग आपण बलकाचा रंग पाहतानाच ठरवून टाकलेला असतो. तरीही चवीत फरक कधीच नसतो असे मी म्हणणार नाही. माशांचे चूर्ण खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्याला मासळीचा वास येऊ शकतो. तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांत एक आनुवंशिक दोष असतो, त्यांना मोहरीवर्गातील तेलबियांची पेंड दिली तरी तसाच वास येतो. आणि शीतकपाटात कापलेल्या कांद्याशेजारी उघडी ठेवलेली अंडी त्या हजारो छिद्रांतून कांद्याचाही वास घेतात, मग ती कोठूनही आलेली असोत.

प्रश्न: आम्ही नुकत्याच सहा कोंबड्या पाळल्या आहेत. अंड्यांना कधी माती, कधी विष्ठा लागलेली असते. माझी आई ती नळाखाली धुऊन, पुसून, टोपलीत ठेवते. सुपरमार्केटमधली अंडी तर इतकी स्वच्छ असतात की ती नक्कीच धुतलेली असणार. मग घरी धुण्यात काय वावगे आहे? तसेच अंडी बाहेर ठेवावीत की शीतकपाटात, याबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो. (एक नवे कोंबडीपालक)

उत्तर: प्रत्येक जण वेगळे सांगतो, कारण याबाबत जगातल्या दोन मोठ्या व्यवस्थाच एकमेकींच्या उलट आहेत, आणि गंमत अशी की आपापल्या जागी दोन्ही बरोबर आहेत.

अंडे बाहेर येते तेव्हा ते ओलसर असते. तो ओलावा म्हणजे प्रथिनांचा एक अतिशय पातळ लेप असतो. काही मिनिटांत तो वाळतो आणि छिद्रांची तोंडे बऱ्याच अंशी बंद करतो. सकाळी खुराड्यातून उचललेल्या अंड्याला जी मंद, साबणी झळाळी असते ती याच लेपाची. युरोपीय संघात ‘अ’ वर्गाची अंडी सर्वसाधारणपणे धुण्यास मनाई आहे, कारण हा लेप टिकवायचा आणि म्हणून अंडी मुळातच स्वच्छ निपजतील अशी व्यवस्था उत्पादकाने ठेवायची, असा तेथील विचार आहे. अमेरिकेत याउलट व्यापारी अंडी धुऊनच बाजारात येतात. लेप धुऊन गेला की अंडे उघडे पडते, म्हणून तेथे ती ७.२ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली थंड ठेवण्याचे बंधन आहे. त्यामुळे युरोपातली दुकाने अंडी साध्या फळीवर मांडतात आणि अमेरिकेतली थंड कपाटात.

आता आपल्या आईंच्या नळाकडे वळू. कारखान्यातले धुणे आणि नळाखालचे धुणे यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या नियमानुसार धुण्याचे पाणी किमान ३२ अंश सेल्सिअस आणि शिवाय अंड्यापेक्षा किमान ११ अंशांनी अधिक गरम असावे लागते. त्यामागचे कारण साधे आहे. कोमट अंड्यावर गार पाणी पडले की आतला ऐवज आकसतो, आत किंचित पोकळी निर्माण होते आणि कवचावरचे घाण पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. म्हणजे नळाखाली धुतलेले अंडे दिसायला स्वच्छ होते, पण कवचावरची घाण आत जाण्याची वाट मोकळी झालेली असते. वर ते बादलीत भिजत घातले, तर एका अंड्याची विष्ठा साऱ्यांना लागते.

म्हणून माझा सल्ला असा की मुख्य लक्ष धुण्याकडे न देता अंडे मळू नये याकडे द्यावे. अंडी घालण्याच्या खोक्यात कोरडा भुसा किंवा पेंढा भरपूर असावा. कोंबड्या रात्री जेथे बसतात ती दांडी खोक्यांपेक्षा उंच असावी, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि झोपेत विष्ठा टाकतात. दिवसातून दोनदा अंडी उचलावीत. किरकोळ माती कोरड्या, खरखरीत फडक्याने किंवा बारीक पॉलिश कागदाने हलकेच काढावी. फारच माखलेले अंडे असेल तर ते हाताला सोसेल इतक्या गरम वाहत्या पाण्यात झटपट धुवावे, लगेच कोरडे करावे, शीतकपाटात ठेवावे आणि पहिल्यांदा तेच, पूर्ण शिजवून, संपवावे. तडा गेलेले आणि माखलेले असे दोन्ही असेल, तर ते टाकून द्यावे.

न धुतलेली अंडी थंड खोलीत काही दिवस चांगली राहतात, पण ज्यांच्या घरात उष्मा असतो त्यांनी ती शीतकपाटात ठेवणेच शहाणपणाचे. एक पथ्य मात्र पाळावे. एकदा थंड केलेले अंडे पुन्हा बाहेर ठेवू नये. गार अंड्यावर दमट हवेत दव जमते, आणि त्या ओलाव्यात कवचावरच्या जंतूंना आत शिरायला सोपी वाट मिळते. कपाटाच्या दारात, जेथे प्रत्येक उघडझापीबरोबर तापमान खालीवर होते आणि अंडी हिंदकळतात, तेथे ती ठेवू नयेत. आत, मागच्या बाजूला, निमुळते टोक खाली करून ठेवावीत.

आपण नवे आहात म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. कोंबड्यांना जंताचे किंवा दुसरे औषध दिले असेल, तर त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत हे औषधाच्या वेष्टनावर किंवा पशुवैद्यांकडून समजून घ्यावे. मोठ्या उत्पादकाला हा नियम पाळावाच लागतो, घरी तो सहज विसरला जातो. दुसरी गोष्ट मातीची. कोंबडी दिवसभर माती उकरते, टोचते आणि गिळते. जुन्या शिशाच्या रंगाचे पोपडे पडलेल्या घराच्या कडेची, गाड्यांच्या दुरुस्तीच्या किंवा कचरा जाळण्याच्या जागेजवळची माती असेल, तर त्यातले शिसे आणि इतर विषारी द्रव्ये अंड्यात उतरतात. कवच कितीही घासले तरी ती निघत नाहीत, कारण ती बलकात असतात. शंका असेल तर माती तपासून घ्यावी, किंवा त्या भागात कुंपण घालावे.

प्रश्न: तपकिरी अंडी अधिक नैसर्गिक असतात का? (एक वाचक)

उत्तर: नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न पांढरी अंडी घालते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी, आणि मूळ चिलीकडची अरौकाना चक्क निळसर. तपकिरी रंगद्रव्य कवच तयार होत आल्यावर अगदी शेवटी वरून चढते, म्हणून तपकिरी अंड्याचे कवच आतून पाहिले तर जवळजवळ पांढरे दिसते. निळ्या कवचात रंग आरपार असतो. पिंजऱ्यातल्या लक्षावधी कोंबड्या तपकिरी अंडी घालतात आणि मोकळ्या हिंडणाऱ्या पुष्कळ कोंबड्या पांढरी घालतात. तपकिरी अंडे ‘शेतावरचे’ वाटते ते आपल्या समजुतीमुळे, आणि दुकानदारांना ती समजूत चांगली ठाऊक आहे.

प्रश्न: शेतावरून आणलेल्या अंड्यात कधी रक्ताचा ठिपका दिसतो. ते फलित अंडे असते का? दुकानातल्या अंड्यात असे कधी दिसत नाही. (एक वाचिका)

उत्तर: रक्ताचा ठिपका आणि फलन यांचा संबंध नाही. बलक अंडाशयातून सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की तो ठिपका येतो. सुरीच्या टोकाने काढून टाकावा आणि अंडे शिजवून खावे. मोठ्या केंद्रांत प्रत्येक अंडे प्रखर उजेडासमोरून जाते आणि ठिपकेवाली अंडी तेथेच बाजूला पडतात, म्हणून ती आपल्याला दिसत नाहीत. तपकिरी कवचातून मात्र उजेड नीट जात नसल्यामुळे काही निसटतात. हे निरीक्षण आपणही करू शकता. अंधाऱ्या खोलीत मुठीच्या पोकळीत अंड्याचे बोथट टोक धरून त्याला भ्रमणध्वनीचा दिवा टेकवला की हवेची पोकळी, बलकाची हलती सावली आणि कवचातले केसासारखे तडे लख्ख दिसतात. फलित अंडे ओळखण्याची खूण वेगळीच आहे. बलकावरचा पांढरा बारीक ठिपका फलित अंड्यात कडीसारखा, एकात एक वर्तुळांचा दिसतो. असे अंडे वेळेवर थंड जागी ठेवले असेल तर त्यात पुढे काहीही वाढत नाही आणि खाण्यातही फरक पडत नाही.

प्रश्न: आमच्या घरी दीड वर्षाची नात आणि ऐंशीच्या पुढचे वडील आहेत. ओळखीच्या शेतावरची अंडी असल्यामुळे ती अर्धकच्ची दिली तरी चालतात, असे मला वाटते. माझा हा विश्वास योग्य आहे का? (एक वाचक)

उत्तर: या एका बाबतीत मला आपले मन मोडावे लागेल. ओळख हा माणसाबद्दलचा पुरावा झाला, कोंबडीबद्दलचा नव्हे. साल्मोनेला एन्टरिटिडिस हा जंतू दिसायला ठणठणीत असलेल्या कोंबडीच्या अंडाशयात राहू शकतो आणि कवच तयार होण्याआधीच अंड्यात शिरतो, त्यामुळे कवच निर्मळ असण्याने काही सिद्ध होत नाही. असे अंडे विरळा असते. अमेरिकेत पूर्वी केलेल्या एका अंदाजानुसार दर २०,००० अंड्यांमागे एक. पण लहान मूल, वृद्ध, गर्भवती आणि प्रतिकारशक्ती खालावलेली व्यक्ती यांच्यासाठी तो विरळा प्रसंगही महागात पडतो.

येथे मोठ्या व्यवस्थेचे पारडे जड होऊ शकते, हे शेतावरच्या अंड्यांचा चाहता असूनही मला मान्य करावे लागते. ब्रिटनमध्ये ‘ब्रिटिश लायन’ योजनेखाली १९९८ पासून कोंबड्यांना साल्मोनेलाविरोधी लस देणे, कळपांची तपासणी आणि प्रत्येक अंड्यावर शिक्का अशी शिस्त आणली गेली. तिचा परिणाम पाहून तेथील अन्नमानक संस्थेने २०१७ साली सल्ला बदलला, आणि त्या शिक्क्याची अंडी लहान मुले, गर्भवती व वृद्धांनी अर्धकच्ची खाल्ली तरी चालेल असे सांगितले. हा सल्ला शिक्का नसलेल्या घरगुती अंड्यांना लागू नव्हता. लहान शेतावर लस दिली जातेच असे नाही, उंदरांचा वावर असतो, रानपक्षी त्याच भांड्यात चोच घालतात. दुसऱ्या बाजूला, मोठ्या केंद्रात दोष शिरला तर तो एकाच वेळी लाखो अंड्यांबरोबर दूरवर पसरतो. शेतावरचा दोष दहा घरांपुरता राहतो. आपल्या नातीला मात्र या हिशेबाशी कर्तव्य नाही. तिला आणि वडिलांना पांढरा आणि पिवळा दोन्ही भाग घट्ट होईपर्यंत शिजवलेले अंडे द्यावे. अंडे घातलेला मिश्र पदार्थ असेल आणि घरी स्वयंपाकाचा तापमापक असेल, तर आतले तापमान ७१ अंशांपर्यंत जाऊ द्यावे. कच्चे अंडे वापरून केलेला मेयोनीज वगैरे त्यांच्यापासून दूरच ठेवावा.

प्रश्न: मुक्तसंचार, पिंजराविरहित, सेंद्रिय अशा शब्दांनी खोकी भरलेली असतात. त्यांतला कोणता शब्द शेतावरच्या अंड्याच्या जवळ जातो? (एक वाचिका)

उत्तर: ‘शेतावरची ताजी’ या शब्दांचा तर जवळपास काहीच अर्थ होत नाही, कारण प्रत्येक अंडे कोणत्या ना कोणत्या कोंबडीफार्मवरूनच येते. ‘पिंजराविरहित’ म्हणजे पिंजरा नाही इतकेच. त्या कोंबड्या हजारोंच्या संख्येने एका बंद शेडमध्ये असू शकतात आणि त्यांनी ऊन पाहिलेले नसू शकते. युरोपीय संघात अंड्यावरच छापलेल्या संकेताचा पहिला अंक पाहिला की काम भागते: ० म्हणजे सेंद्रिय, १ मुक्तसंचार, २ शेडमधली, ३ पिंजऱ्यातली. तेथे मुक्तसंचारासाठी दर कोंबडीमागे बाहेर ४ चौरस मीटर जागा द्यावी लागते. इतरत्र या शब्दांमागचे नियम वेगवेगळे आहेत, म्हणून शब्दाखाली प्रमाणित करणाऱ्या संस्थेचे चिन्ह आहे का हे पाहावे. हे सारे शब्द कोंबडीच्या राहणीविषयी आहेत आणि तेवढ्यासाठी ते महत्त्वाचेही आहेत. अंडे किती दिवसांचे आहे, याबद्दल त्यांतला एकही शब्द बोलत नाही.

प्रश्न: शेतावरची ताजी अंडी उकडली की सोलताना कवचाबरोबर अर्धा पांढरा भाग निघून येतो. दुकानातली मात्र सुरेख सोलली जातात. काय चुकते? (एक वाचक)

उत्तर: आपले काहीच चुकत नाही, अंडी फार ताजी आहेत. वर सांगितलेला कार्बन डायऑक्साइड अजून आत असल्यामुळे पांढरा भाग कमी अल्कधर्मी असतो आणि उकडताना आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. उकडायची अंडी आठवडा-दहा दिवस शीतकपाटात जुनी होऊ द्यावीत, आणि ताजी अंडी तळण्यासाठी किंवा पाण्यात सोडून शिजवण्यासाठी वापरावीत, जेथे त्यांचा घट्टपणा कामी येतो. घाई असेल तर अंडी गार पाण्यात घालून तापवत न बसता थेट उकळत्या पाण्यात सोडावीत किंवा वाफवावीत. नंतर गार पाण्यात टाकून बोथट टोकाकडून, जेथे हवेची पोकळी असते तेथून, सोलायला सुरुवात करावी.